पर्यावरण बघून मत कोण देतं?

मागच्या अंकात या पानावर मी एक साधाच प्रश्न टाकला होता, की पर्यावरण जपावं हे तर सगळ्यांनाच पटतं, पण त्यासाठी तुम्ही कधी मत फिरवलंय का, नाहीतर दुकानात चार पैसे जास्त मोजलेत का. वाटलं होतं उत्तरं येतील. आले उलटे प्रश्नच, तेही असे की माझीच परीक्षा! त्यातले सहा घेतेय. काही पत्रं लांबलचक होती, थोडी कापलीयेत, राग मानू नका.

प्रश्न : ताई, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रोज झाडांचे, नद्यांचे, ग्लोबल वॉर्मिंगचे मेसेज फिरतात. मतदानाच्या दिवशी मात्र एक माणूस म्हणत नाही की मी हवेसाठी मत दिलं. आपल्याकडे पर्यावरणामुळे कधी काही राजकीय फरक पडलाय का, की हे सगळं फॉरवर्ड करण्यापुरतंच? (एक वाचक, डोंबिवली)

पडलाय. पण जिथे पडेल असं आपल्याला वाटतं तिथे नाही.

आधी आरेचं बघा, कारण ते तुमच्या लोकलच्या अंतरावरचं आहे. ४ ऑक्टोबर २०१९ ला हायकोर्टाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री मेट्रो ३ च्या कारशेडसाठी झाडं तोडायला सुरुवात झाली, लोक रात्रीच तिथे धावले, २९ जणांना अटक झाली आणि ७ तारखेला सुप्रीम कोर्टाने थांबवेपर्यंत २,१४१ झाडं आडवी झाली होती. आता तारीख लक्षात घ्या, विधानसभेचं मतदान होतं २१ ऑक्टोबरला, म्हणजे जेमतेम दोन आठवड्यांवर! इतका गाजलेला विषय, इतक्या ऐन वेळी, तरी मुंबईत मतदान झालं निम्म्याच्या आसपास, नेहमीसारखंच. शिवसेना तोडीविरुद्ध बोलत होती आणि त्याच सरकारात बसलेलीही होती, त्यामुळे ज्याला राग आला त्याने तो काढायचा कुणावर हाही प्रश्नच होता. नंतर काय झालं ते तुम्हाला माहितीये, नवं सरकार आलं, आरेतल्या कामाला स्थगिती, कारशेड कांजूरमार्गला न्यायचं ठरलं, परत कोर्ट, २०२२ ला परत सरकार बदललं आणि कारशेड परत आरेत. २०२४ च्या ऑक्टोबरात आरे ते बीकेसी मेट्रो सुरू झाली, आणि २०१९ ला 'सेव्ह आरे'चा डीपी ठेवलेली माझी एक मैत्रीण आता त्याच मेट्रोने ऑफिसला जाते. मी तिला हसत नाही, मीही त्यातच बसते. तिला झाडंही हवी होती आणि एसी मेट्रोही हवी होती, दोन्ही खरं होतं, फक्त दोन्हीला मिळून टाकायला मत एकच.

आता नाणार बघा. राजापूर-देवगडच्या बाजूला ३ लाख कोटींची, वर्षाला ६ कोटी टनांची रिफायनरी येणार होती, सौदी अराम्कोबरोबर २०१८ ला करारसुद्धा झाला. तिथल्या लोकांनी 'पर्यावरण' हा शब्द किती वापरला असेल कुणास ठाऊक, ते बोलत होते आंब्याच्या मोहरावर, काजूवर, मासेमारीवर आणि जमिनीच्या सातबाऱ्यावर. ग्रामसभांचे ठराव झाले, मोर्चे झाले, मुंबईतले चाकरमानी गावासाठी उतरले. आणि १८ फेब्रुवारी २०१९ ला लोकसभेसाठी सेना-भाजपची युती जाहीर झाली तेव्हा त्या युतीच्या बोलणीत नाणार होतं! २ मार्चला भूसंपादनाची अधिसूचना रद्द. मतदान व्हायच्या आधीच निकाल लागला की हो. पुढे २०२२ च्या जानेवारीत मुख्यमंत्री असताना उद्धव ठाकरेंनीच त्याच रिफायनरीसाठी राजापूरजवळच्या बारसूची जागा सुचवणारं पत्र केंद्राला लिहिलं आणि २०२३ मध्ये माती परीक्षणाला विरोध पेटल्यावर तेच बारसूला विरोध करणाऱ्या गावकऱ्यांना भेटायला गेले, हेही सांगून टाकते, नाहीतर तुम्ही म्हणाल ताई अर्धंच सांगतात.

गोव्यातही हेच. 'रिजनल प्लॅन २०११' नावाच्या जमीनवापराच्या सरकारी आराखड्यात शेतं-डोंगर बांधकामाला मोकळे होताहेत हे गावागावात कळल्यावर २००६ च्या डिसेंबरात गोवा बचाव अभियान उभं राहिलं आणि महिन्याभरात, २००७ च्या जानेवारीत, प्लॅन मागे. निवडणूक त्याच वर्षी जूनमध्ये होती. योगायोग म्हणायचा असेल तर म्हणा.

थोडक्यात मला दिसतं ते असं, की पर्यावरण हा मुद्दा म्हणून हरतो आणि 'आमचं पाणी, आमची बाग' म्हणून जिंकतो, आणि जिंकतो तोही मतदानाच्या आधीच्या चारसहा महिन्यांत, जेव्हा उमेदवाराला गावात यायचं असतं. मतं उलटीही पडतात बरं का. पीओपीच्या मूर्तींचं घ्या. केंद्रीय प्रदूषण मंडळाने २०२० ला पीओपी नको म्हटलं, मग पुढे ढकल, अजून पुढे ढकल, कारण पेणच्या कारखान्यांत हजारो घरांचं वर्षाचं पोट त्यावर, आणि मोठ्या मंडळांना उंच मूर्ती हवी. २०२५ च्या जानेवारीत हायकोर्टाने बंदी कडक पाळा म्हटलं, जूनमध्ये तज्ज्ञ समितीच्या अहवालानंतर मूर्ती बनवायला-विकायला मोकळीक मिळाली, अट विसर्जनाची राहिली. तिथेही 'आमचं'च जिंकलं, फक्त ते आमचं वेगळं होतं.

प्रश्न : नमस्कार मॅडम, माझी शिरोली एमआयडीसीत लोखंडाच्या ओतकामाची छोटी फाउंड्री आहे, वडिलांनी सुरू केलेली. मोठ्या कस्टमरकडनं महिन्यापूर्वी एक्सेल आली बघा, शंभरावर प्रश्न, तुमचा कार्बन किती, पाणी किती, महिला कामगार किती, कचऱ्याचं काय करता. हे खरंच कुणाला पाहिजे की नुसता फार्स आहे? कन्सल्टंट दीड लाख मागतोय. रेट वाढवून मागितला तर म्हणतात मार्केट टाइट आहे. (एक उद्योजक, कोल्हापूर)

तुमचं पत्र वाचून मी जोरात हसले आणि मग जरा वाईट वाटलं, कारण शेवटचं वाक्य शंभर टक्के खरं आहे. एक्सेल पाठवणारं डिपार्टमेंट वेगळं आणि रेट घासणारं डिपार्टमेंट वेगळं, आणि दोघं एकमेकांशी बोलत नाहीत.

पण फार्स नाहीये. सेबीने २०२२-२३ पासून शेअर बाजारातल्या पहिल्या एक हजार कंपन्यांना बीआरएसआर नावाचा अहवाल सक्तीचा केलाय, त्यात त्यांनी आपली वीज, पाणी, कचरा, कामगार, सगळ्याचा हिशोब द्यायचा. पुढे मोठ्या कंपन्यांनी आपल्या सप्लायरचीही माहिती द्यावी असं आलं, तिथून तुमच्यापर्यंत एक्सेल पोचली. २०२५ च्या मार्चमध्ये सेबीने हा सप्लायरवाला भाग ऐच्छिक करून पुढे ढकलला, म्हणजे कायद्याची सुरी तुमच्या मानेवर नाही. कस्टमरची आहे. त्याचा माल युरोपात जात असेल तर त्याच्या मानेवर अजून एक आहे, कारण युरोपने पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खत अशा मालावर कार्बनचा आकार १ जानेवारी २०२६ पासून लागू केलाय. सगळं कास्टिंग त्यात येतं असं अजिबात नाही, तेव्हा तुमच्या मालाचा एचएस कोड, म्हणजे मालाच्या प्रकाराचा नंबर, यादीत आहे का हे एक्स्पोर्ट बघणाऱ्या माणसाकडून आधी तपासून घ्या, उगाच घाबरू नका.

आता दीड लाखाचं. देऊ नका, निदान आत्ता नको. तुमच्या फाउंड्रीत कार्बनचा मोठा वाटा कुठून येणार? भट्टीच्या विजेतून. इंडक्शन भट्टीला एक टन लोखंड वितळवायला साधारण ६०० युनिट लागतात, भट्टी जुनी असेल, लायनिंग गेलं असेल, नाहीतर झाकण उघडं टाकून चहाला जायची सवय असेल तर जास्त. आपल्या ग्रिडच्या एका युनिटमागे ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड धरतात, म्हणजे टनाला झाला ४२० किलो. जनरेटरच्या डिझेलचा लिटरला २.७ किलो धरा. महावितरणची बारा बिलं, डिझेलच्या पावत्या आणि महिन्याचं मेल्टिंगचं रजिस्टर एवढं घेऊन तुमचा अकाउंटंट दोन दुपारींत हे बसवेल. पाण्याला मीटर नसेल तर बसवा. साच्यांची वापरलेली वाळू कुठे जाते, कोण उचलतो, चलन आहे का, हे मात्र नीट कागदावर आणा, कारण एक्सेलमध्ये नाही अडकलात तरी तिथे अडकाल. बाकी जे प्रश्न तुम्हाला लागूच नाहीत तिथे 'लागू नाही' लिहा, आकडा बनवून टाकू नका, पुढच्या वर्षी तोच आकडा तुमच्यासमोर आणून ठेवतात.

आणि 'खरंच कुणाला पाहिजे का' म्हणाल तर नाशिकच्या द्राक्षवाल्यांना विचारा. २०१० ला युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट सापडलं, बागेत ज्याला लिहोसीन म्हणतात ते वेलीची वाढ आवरणारं औषध, आणि गेलेले कंटेनर तिकडे अडकले. शेतकऱ्यांचे, निर्यातदारांचे पैसे बुडाले. आपल्याकडे कुणी द्राक्ष घेताना औषधाचा उर्वरित अंश किती म्हणून विचारत नव्हतं आणि अजूनही गाडीवर कुणी विचारत नाही. पण त्यानंतर निर्यातीच्या बागेत औषधाची नोंदवही, तोडणीआधीचा कालावधी, लॅबचा रिपोर्ट हे सगळं असं मुरलं की आज पिंपळगावकडचा बागायतदार ही भाषा बोलतो. ते पर्यावरणप्रेमामुळे झालं नाही, कंटेनर अडकल्याने झालं. तुमची एक्सेल म्हणजे कंटेनर अडकायच्या आधीचा फोन समजा.

रेटचं मात्र एक करा. भट्टीचे युनिट टनाला ६५० वरून ६०० वर आणलेत तर ती बचत तुमच्या खिशात ठेवा, एक्सेलमध्ये फक्त टक्के लिहा.

प्रश्न : माझं किराणा दुकान आहे. २०१८ ला प्लास्टिक बंदी आली तेव्हा माझ्याकडून पाच हजार दंड घेतला, पिशव्या जप्त केल्या. तिथेच मागच्या फळीवर चिप्सची, शाम्पूची, मसाल्याची रंगीत पाकिटं लटकत होती, त्याला कुणी हात लावला नाही. सामान्य माणूस पर्यावरणाला विरोध करतो असं पेपरवाले लिहितात, मग आम्ही काय करायचं? (एक दुकानदार, बार्शी)

दादा, तुमचा राग रास्त आहे, आणि पाकिटांचं निरीक्षण तर एकदम नेमकं. बंदीची अधिसूचना २३ मार्च २०१८ ची, दंड सुरू झाला २३ जूनपासून, पहिल्यांदा पाच हजार, मग दहा, मग पंचवीस हजार आणि तीन महिने कैद. लगेच आठवड्याभरात किराणा मालाच्या पॅकिंगला सवलत द्यावी लागली, कारण अर्धा किलो साखर कशात द्यायची हा प्रश्न मंत्रालयात कुणाला पडलाच नव्हता. कंपन्यांच्या पाकिटांसाठी नियम वेगळा, त्यांनी जेवढं प्लास्टिक बाजारात आणलं तेवढं गोळा झाल्याचा हिशोब द्यायचा, २०२२ ला केंद्राने तो अजून पक्का केला. म्हणजे तुमच्यासाठी जप्ती आणि त्यांच्यासाठी हिशोब. १ जुलै २०२२ ला देशभर प्लास्टिकचे स्ट्रॉ, सजावटीचा थर्माकोल, प्लास्टिकचे चमचे-ताटल्या बंद झाल्या, त्यातही ती चकचकीत पाकिटं नव्हती.

आमच्या मंडईत कोथिंबीरवाल्या मावशी आहेत, त्यांच्याकडे पिशव्यांचा गठ्ठा गोणपाटाखाली असतो, वर लिंबं मांडलेली. महापालिकेची गाडी आली की त्या लिंबांवर पाणी शिंपडायला लागतात, इतक्या शांतपणे, की बघत राहावं. मी एकदा म्हटलं मावशी देऊच नका ना पिशवी. त्या म्हणाल्या, 'पिशवी नाय म्हणलं की गिऱ्हाईक पुढच्या गाळ्यावर जातं, तू जाशील का थांबशील ते सांग.' मी त्या दिवशी पिशवी विसरले होते. कोथिंबीर ओढणीत बांधून आणली, पण ती माझी मिजास होती, हे मलाही कळत होतं.

सांगायचं काय, की सगळी मंडई एकाच दिवशी नाही म्हणाली तर गिऱ्हाईक घरून पिशवी आणतं, एकट्याने नाही म्हटलं तर तो एकटा मरतो. तुमच्या गावच्या व्यापारी संघटनेत हे मांडता आलं तर बघा, पिशवीचे पैसे वेगळे घ्यायचे आणि सगळ्यांनी सारखेच, एवढंच. आणि हो, दंडाची पावती घेतलीत ना? घेत चला.

प्रश्न : हल्ली डिटर्जंटपासून मोबाइलच्या कव्हरपर्यंत सगळ्यावर हिरवं पान आणि 'इको फ्रेंडली' छापलेलं असतं. खरं किती? (एक वाचक, औरंगाबाद रोड, नगर)

हिरवं पान छापायला शाईशिवाय काही लागत नाही, असं धरून चाला. २०२४ च्या ऑक्टोबरात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने यावर नियमावली काढली, की 'ग्रीन', 'नैसर्गिक', 'इको फ्रेंडली' असं मोघम लिहायचं असेल तर त्याचा पुरावा आणि खुलासा द्या, आणि दावा आख्ख्या वस्तूबद्दल आहे की नुसत्या खोक्याबद्दल तेही सांगा. हे शेवटचं फार कामाचं. परवाच एका बाटलीवर 'शंभर टक्के रिसायकल' वाचलं, खाली बारीक अक्षरात 'झाकण वगळून'. शंका असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

प्रश्न : मी १९ वर्षांची आहे, पिंपरी-चिंचवडला राहते. सगळ्या जाहीरनाम्यात पर्यावरण शेवटच्या पानावर असतं आणि सगळ्यांचं सेमच असतं, 'हरित शहर, स्वच्छ नदी'. नगरसेवकाला नेमकं काय विचारायचं की त्याला टाळता येणार नाही? आमच्या प्रभागात चार-चार मतं द्यायची असतात, मला तर नावंही पाठ नाहीत.

किती छान प्रश्न गं. जाहीरनाम्याचा नाद सोड, आकडा विचार.

महापालिकेच्या आयुक्तांनी दरवर्षी ३१ जुलैच्या आत पर्यावरण सद्यस्थिती अहवाल महापालिकेपुढे ठेवायचा असतो, कायद्यातच आहे तसं. सहसा तो वेबसाइटवर कुठेतरी खोल पुरलेला असतो, शोध. त्यात शहरात रोज सांडपाणी किती दशलक्ष लिटर तयार होतं आणि त्यातलं शुद्ध किती होतं हे दोन आकडे बघ, मधला फरक वहीत लिही. तुला पवना नि इंद्रायणी जवळच आहेत, आळंदीला नदीवर साबणासारखा फेस येतो तो तू बघितला असशीलच. मग चौघांपैकी जो दारात येईल त्याला विचार, की आपल्या प्रभागातलं सांडपाणी कुठल्या केंद्रात जातं. बस. उत्तर येत नसेल तर 'उद्या सांगतो' म्हणेल, मग उद्या फोन कर.

आणि एकटी विचारू नकोस, चारपाच मैत्रिणी घेऊन विचार, तोच प्रश्न, तोच आकडा. आमच्या सोसायटीतला अनुभव सांगते. गच्चीवर सोलर बसवायचं म्हणून मी वार्षिक सभेत पृथ्वी, तापमानवाढ, पुढची पिढी असं दहा मिनिटं बोलले, ४२ घरांतले सहा हात वर आले, त्यातला एक बहुतेक पंखा कमी करा म्हणून होता. मग खजिनदार काका उठले, लिफ्ट आणि पंपाचं कॉमन बिल वाचून दाखवलं, आणि केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या कॉमन वापराला किलोवॅटमागे १८ हजार अनुदान आहे एवढंच म्हणाले. ठराव एकमताने. मला थोडा रागच आला होता, घरी येऊन भांडी जोरात घासली. पण पॅनल गच्चीवर लागले ते लागलेच, त्यांना कुणाचं भाषण चाललं याच्याशी काय देणंघेणं! तेव्हा तूही विचारताना नदीबरोबर पाण्याच्या टँकरचं बिल विचार.

प्रश्न : माझ्या सासूबाई दुधाच्या पिशव्या धुऊन खिडकीच्या ग्रिलवर वाळत घालतात. पाहुणे आले की मला लाज वाटते. त्यांना विचारलं तर म्हणतात आम्ही तीस वर्षं हे करतोय, तुमची ती सस्टेनेबिलिटी आत्ता आली. हे पर्यावरण म्हणायचं की चिकटपणा? (एक सूनबाई, ठाणे)

दोन्ही, आणि त्यात बिघडतं काय! धुतलेली कोरडी पिशवी भंगारवाला किलोवर घेतो, ओशट वास मारणारी घेत नाही, हे त्यांना कुठल्याही अहवालाआधी कळलेलं आहे. सरकारने २०१८ ला पिशवी परत दिली की पन्नास पैसे मिळतील असं काढलं होतं, आमच्या डेअरीवाल्याला विचारलं तर तो माझ्याकडे असा बघायला लागला की मी गप पिशवी उचलून घरी आले. सासूबाईंचा भंगारवाला मात्र दर महिन्याला येतो ना?

एक बघा फक्त. पिशवी कापताना कोपरा पूर्ण कापून टाकत असाल तर तो इवलासा तुकडा कुणीच गोळा करत नाही, तो बेसिनमधून नाहीतर केरातून निघून जातो. कोपरा लोंबकळता ठेवून कापा. आणि ग्रिलऐवजी ओट्याच्या कडेला एक चिमट्यांची दोरी बांधून द्या त्यांना, पाहुण्यांना दिसणार नाही.